कोट्याचा करार आणि बंदरात अडकलेले स्वेटर

कापडाच्या आयातीवर कोटा ठरवायचा म्हणजे एका वर्षात एका देशातून किती शर्ट, किती टन सूत, किती चादरी येऊ द्यायच्या याचा आकडा ठरवायचा. 1974 साली लागू झालेल्या बहुतंतू करारामुळे श्रीमंत देशांना असे आकडे एकेका देशाशी स्वतंत्र बोलणी करून ठरवता येत. निर्यातीचे परवाने वाटण्याचे काम निर्यातदार देशाकडेच असे. भारतात ते निर्यात प्रोत्साहन परिषदा पाहत आणि कोटा हीच विकाऊ चीज होऊन बसली होती. जागतिक व्यापार संघटनेच्या नियमांनुसार हे कोटे टप्प्याटप्प्याने उठत गेले आणि 1 जानेवारी 2005 रोजी संपले.

संपले, पण चीनच्या बाबतीत नाही. 2001 मध्ये संघटनेत शिरताना चीनने एक अट मान्य केली होती: कापडाचा लोंढा आला, तर 2008 अखेरपर्यंत इतर देशांना त्याला बांध घालता येईल. 2005 च्या पहिल्या काही महिन्यांतच लोंढा आला. फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल या कापड विणणाऱ्या देशांनी ओरड केली. जर्मनी, नेदरलँड्स आणि उत्तरेकडच्या देशांतल्या दुकानदारांना मात्र स्वस्त मालच हवा होता. युरोपीय आयोगाला परक्याशी बोलण्याआधी घरातलेच भांडण सांभाळायचे होते.

10 जूनला शांघायमध्ये आयोगाचे पीटर मँडेलसन आणि चीनचे व्यापारमंत्री बो शिलाय यांच्यात समझोता झाला. स्वेटर, पँट, टी-शर्ट, ब्रा, चादरी अशा दहा प्रकारांची आयात 2007 अखेरपर्यंत दरवर्षी 8 ते 12.5 टक्क्यांपर्यंतच वाढेल, असे ठरले. अशा बोलण्यांत टक्केवारीइतकाच महत्त्वाचा असतो तो पायाचा आकडा, म्हणजे वाढ मोजायची कशावर. त्यानंतर येते लवचिकता: या वर्षीचा उरलेला कोटा पुढे नेता येईल का, पुढच्या वर्षातला उसना घेता येईल का, पँटचा कोटा शर्टाला वापरता येईल का.

शांघायमध्ये आकडे नीट जमले. घोळ झाला तो तारखांचा. हिवाळ्याच्या मालाच्या ऑर्डरी आयातदारांनी आधीच देऊन ठेवल्या होत्या आणि परवान्यांची व्यवस्था बसेपर्यंत जहाजे भरतच राहिली. स्वेटरचा वर्षभराचा कोटा बघता बघता भरला. ऑगस्टमध्ये साडेसात-आठ कोटी नग युरोपच्या बंदरांत आणि गोदामांत पडून होते. पैसे मोजलेला माल, पण दुकानात नाही! ब्रिटिश वर्तमानपत्रांनी या प्रकाराला ‘ब्रा वॉर्स’ असे नाव दिले.

5 सप्टेंबरला बीजिंगमध्ये तोडगा निघाला तो लवचिकतेच्याच कलमांतून. अडकलेला निम्मा माल युरोपने कोट्याबाहेर सोडला. उरलेला निम्मा चीनच्या 2006 च्या कोट्यात किंवा दुसऱ्या प्रकारांच्या शिल्लक कोट्यात धरला गेला. दोन महिन्यांनी अमेरिकेनेही चीनशी 34 प्रकारांसाठी 2008 अखेरपर्यंतचा करार केला. त्यातले कोटे 2006 च्या सुरुवातीपासून लागू झाले.