बंदिनी आणि घरातली हिंसा

लहान गावातली बाई आरोपी म्हणून तुरुंगात गेली, की घरात तिने सोसलेली मारहाण कुणी विचारत नाही. 2005च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने मात्र कैदी स्त्रीला वगळलेलं नाही. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली सुरू झालेल्या ‘दिलासा’ या समुपदेशन केंद्राने हिंसा हा आरोग्याचा प्रश्न मानला, तोच विचार तुरुंगात का थांबावा? ‘गुन्हेगाराचे कसले लाड?’ असा आक्षेप येतो. पण समुपदेशनाने शिक्षा कमी होत नाही. सुटल्यावर त्याच मारणाऱ्या घरी परतायचं का, हे ठरवायचं बळ मिळतं. तृतीयपंथी कैद्यांना तर हा आधार आणखी गरजेचा, कारण अनेकदा घराने त्यांना आधीच हाकललेलं असतं. शिवाय स्त्रिया आणि कोठडीतली कोणतीही व्यक्ती 1987च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत विधी साहाय्याला पात्र आहे. ते जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मागावं.