खुराड्याची जाळी आणि आकाशातला उपग्रह

मनोऱ्यावरून निघालेल्या दूरचित्रवाणीच्या लहरी फार दूर पोचत नाहीत. मग दूरच्या खेड्यातल्या, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याने चित्र पाहावे कसे? खरी गरज तर त्यालाच! या प्रश्नाला भारताने १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात एक प्रयोग करून उत्तर दिले. त्याचे नाव 'साइट'.

अमेरिकेच्या 'नासा'ने आपला 'एटीएस-६' हा उपग्रह वर्षभर वापरायला दिला. अहमदाबादहून कार्यक्रम ३६,००० किलोमीटर उंचीवरील या उपग्रहाकडे जात आणि तेथून थेट सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उतरत. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी शेती, आरोग्य यांविषयी.

इतक्या खेड्यांत महागडी ग्रहणयंत्रे बसवणे परवडणारे नव्हते. म्हणून खर्चाचा भार वर, आकाशात ठेवला. उपग्रहाची छत्री तब्बल ९ मीटर रुंद होती. ती लहरी एकवटून भारताकडे पाठवी. त्यामुळे खाली ३ मीटरची साधी छत्री पुरे झाली. आणि ती होती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची!

भोकांतून लहरी निसटणार नाहीत का? हिशेब करून पाहा. लहरींची कंप्रता सेकंदाला ८६ कोटी, वेग सेकंदाला ३० कोटी मीटर. भागाकार केला की तरंगलांबी येते सुमारे ३५ सेंटिमीटर. जाळीची भोके त्याहून कितीतरी लहान. म्हणून लहरींच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड पत्राच! शिवाय एका चित्राबरोबर दोन ध्वनी पाठवण्याची सोय होती. म्हणजे तेच चित्र एका गावात तेलुगूत बोले, तर दुसऱ्यात कन्नडमध्ये.

वर्ष संपले, उपग्रह परत गेला आणि पुष्कळ गावांतले पडदे काळे झाले. पण प्रेक्षक कोण, त्याची भाषा कोणती, त्याला काय परवडेल, हे आधी ठरवून मग यंत्र बनवता येते, हे सिद्ध झाले होते. १९८३ साली सोडलेल्या 'इन्सॅट-१बी'ने पुढे ही वाट रुंद केली.

आता तुमच्यासाठी दोन प्रश्न. आज गच्चीवरच्या डिशकडे येणाऱ्या लहरींची कंप्रता सेकंदाला सुमारे १२ अब्ज असते. तिला खुराड्याची जाळी चालेल का? आणि त्या डिशमधून काल घरात आलेल्या कार्यक्रमांपैकी किती कार्यक्रम तुमच्या गावाच्या गरजेचे होते? दोन्ही हिशेब वहीत मांडा.