केवडा, पांढरी माशी आणि 'नॅनो' बाटली



भात निघालं की आपल्या भिवंडी तालुक्यात भेंडीची लगबग सुरू होते. पडघा, अनगाव, दाभाडकडच्या गटांत अंतर्गत कर्जाच्या अर्जावर 'भेंडी' हेच कारण किती वेळा असतं, ते तुम्हीच बघा. आणि पुढे हप्ता थकला की उत्तर येतं, "ताई, केवडा आला." यंदा त्यात एक नवा प्रश्न ऐकू येतोय. "व्हायरसवर नॅनो औषध निघालंय म्हणे, गटातून पैसे उचलून आणू का?" म्हणून हा लेख.

आधी केवड्याचं बघू. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान, शेवटी भेंडीसुद्धा पिवळट आणि राठ होते. व्यापारी हात लावत नाही. हा विषाणूचा रोग. पांढरी माशी आजारी झाडाचा रस शोषते आणि विषाणू घेऊन दुसऱ्या झाडावर बसते. एकदा विषाणू झाडात शिरला की त्याला बाहेर काढणारं औषध नाही. बुरशीचं औषध मारलं तर पैसे गेले, एवढंच होतं.

आता नॅनो म्हणजे काय? एका मिलिमीटरचे 10 लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. आपला केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो. इतक्या बारीक कणांना नॅनोकण म्हणतात. विषाणूही याच मापाचा, म्हणून शास्त्रज्ञांनी इकडे लक्ष घातलं.

यातलं मला सगळ्यात आवडलेलं काम ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठाचं आहे. मूळच्या भारतीय असलेल्या नीना मित्तर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 2017 मध्ये जगापुढे मांडलं. नाव 'बायोक्ले', म्हणजे मातीच चक्क! झाडात स्वतःची एक राखण असते. विषाणूच्या एका तुकड्याची ओळख झाडाला आधीच करून दिली, तर तसाच विषाणू आत आल्यावर झाड त्याचे तुकडे करतं. ही ओळख करून देणारा पदार्थ म्हणजे आरएनए. पण नुसता आरएनए पानावर फवारला तर थोड्याच दिवसांत नासतो. म्हणून त्यांनी तो चिकणमातीसारख्या अतिबारीक पापुद्र्यांवर बसवला. आपण वाल राखेत घोळवून जपतो ना, तसंच काहीसं. हवेतल्या ओलाव्यानं आणि कार्बन डायऑक्साइडनं पापुद्रा हळूहळू विरघळतो आणि आरएनए थोडा थोडा सुटतो. तंबाखूच्या झाडांवर एका फवारणीनं 20 दिवस संरक्षण मिळालं. 2022 मध्ये त्याच विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी हीच युक्ती कापसावरच्या पांढऱ्या माशीवर वापरून दाखवली. आपल्या कामाची खरी बातमी ही.

पण नीट लक्षात घ्या, ही फवारणी रोग यायच्या आधीची आहे. पिवळं पडलेलं झाड ती हिरवं करत नाही. शिवाय एका विषाणूसाठी बनवलेला आरएनए दुसऱ्यावर चालत नाही. आणि बायोक्ले आपल्याकडच्या दुकानात मिळत नाही.

मग दुकानात 'नॅनो' म्हणून काय मिळतं? बहुतेक वेळा नॅनो युरिया. इफकोनं 2021 मध्ये आणलेली ती 500 मिलीची बाटली. ते खत आहे, केवड्याचं औषध नव्हे. उलट नत्र जास्त झालं की पाला लुसलुशीत होतो आणि माशीचं फावतं. चांदीचे, जस्ताचे नॅनोकण, कोळंबीच्या टरफलापासून काढलेलं कायटोसन यांवरही प्रयोगशाळांत काम चाललंय. पण चांदी जमिनीतल्या चांगल्या जिवाणूंनाही मारू शकते. शेतीतल्या नॅनो वस्तू कशा तपासायच्या याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्र सरकारनं 2020 मध्येच काढली आहेत, ती उगाच नाही. त्यात भेंडी आपण दिवसाआड तोडतो. आज फवारलेलं परवा कुणाच्या तरी ताटात असतं, आणि पहिलं ताट आपल्याच घरातलं.

तोवर माशीला आवरणं आपल्या हातात आहे. बियाणं घेतानाच केवड्याला तोंड देणारा वाण मागा. परभणी क्रांती, अर्का अनामिका ही जुनी नावं आहेत, पण जुन्या वाणांची ताकद काही ठिकाणी कमी झाली आहे, तेव्हा आपल्या भागात सध्या कोणता टिकतोय ते कृषी सहायकांना विचारा. पहिलं पिवळं झाड दिसलं की त्याच दिवशी उपटून पुरा. जीव तुटतो, माहीत आहे मला, पण बांधावर टाकलंत तर माशी तिथूनही उडते. पिवळे चिकट सापळे एकरी 10-12 लावा, बांधावरचं तण काढा. 5 टक्के निंबोळी अर्कासाठी 5 किलो निंबोळी पावडर 10 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी फडक्यानं गाळायची आणि पाणी घालून 100 लिटर करायचं. एकट्या घराला हे जड जातं, गटानं मिळून केलं तर एका दुपारचं काम.

आणि कुणी 'व्हायरस जाणार' म्हणून बाटली पुढे केलीच, तर लेबल वाचा. कीटकनाशक कायदा 1968 प्रमाणे त्यावर नोंदणी क्रमांक लागतो, बॅच आणि मुदतीची तारीख लागते. सोबतच्या माहितीपत्रकात भेंडीचं आणि रोगाचं नाव आहे का ते बघा. पक्कं बिल मागा. बिल द्यायला काचकूच झाली तर बाटली तिथेच ठेवा, लेबलचा फोटो काढून कृषी सखीला पाठवा, आणि तिचं उत्तर येईपर्यंत गटाची पेटी उघडू नका.