पोर वाचत नाही, दोष कुणाचा?

“तिसरीत गेला तरी धडा वाचता येत नाही. डोकेच नाही त्याला.” शाळेतून असा निरोप आला की कामावरून दमून आलेली आई गप्प बसते. आपणच शिकलो नाही, मग पोराला कुठून येणार, असे तिला वाटते. माता-भगिनींनो, असा दोष स्वतःकडे घेऊ नका. मूल वाचायला कसे शिकते आणि कुठे अडते, याचे आता शास्त्र झाले आहे. विद्यापीठांत त्याचा अभ्यास होतो, आणि हे शास्त्र पोराच्या डोक्याआधी शिकवण्याची रीत तपासते.

कर्नाटकातील यादगीर आणि आपल्या पालघर जिल्ह्यातील वाडा या भागांत संशोधकांनी शेकडो मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत मागोवा घेतला. प्रा. शैलजा मेनन यांच्या नेतृत्वाखालील या अभ्यासाचा अहवाल 2017 साली निघाला. काय दिसले? अक्षरे गिरवणे, फळ्यावरचे उतरवणे आणि एका सुरात घोकणे, यालाच वाचन-लेखन समजले जात होते. मनातले चार शब्द स्वतः लिहिण्याची संधी क्वचितच मिळत होती. वर्षे सरली तरी अनेक मुले साध्या मजकुरापाशी अडखळत होती.

कारण समजण्यासारखे आहे. मराठीतील सगळ्या व्यंजनांची बाराखडी मोजली तर चारशेच्या आसपास अक्षरे भरतात. ती ओळीने पाठ होईपर्यंत मुलाच्या हाती अर्थाचा शब्द पडत नाही. उलट क, न, म आणि काना एवढेच आधी शिकवले, तरी कान, नाक, मान, काम, मामा, काका इतके शब्द लगेच वाचता येतात. वाचलेले समजले की पोराला गोडी लागते.

दुसरा अडसर भाषेचा. घरात “व्हतं”, “न्हाई” बोलणाऱ्या मुलाला वर्गात हसले की ते तोंड मिटते. फलटणला या प्रश्नावर मोठे काम झाले आहे. जन्माने अमेरिकन असलेल्या डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीचा अभ्यास करून पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या फलटणकरच झाल्या. मंगळवार पेठेतील दलित मुलांना त्यांनी वाचायला शिकवले. 1984 साली प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. मुलाची बोली न हिणवता तिच्या आधारानेच प्रमाण मराठीकडे न्यायचे, ही तिथली रीत. मोठी पदवी वस्तीतल्या पोराच्या पाटीपर्यंत कशी पोचते, ते इथे दिसते.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. किमान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी सर्वांना ठाऊक आहे. त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट मांडली: शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि होता होईल तो कष्टकरी शेतकरी वर्गातून आलेले हवेत, कारण त्यांनाच त्या मुलांच्या गरजा कळतात. ही गोष्ट अजून पुरती साधलेली नाही. आपल्या मुलांचे वाचन का अडते, यावर संशोधन होते. पण ते करणाऱ्यांत आपल्या वस्तीतून आलेले किती?

म्हणून पदवीधर मुलामुलींनी या विषयाकडे वळावे. मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बंगळुरूचे अझीम प्रेमजी विद्यापीठ येथे शिक्षण विषयात एम.ए. करता येते. उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. परदेशी जायचे तर राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीही आहे. डॉक्टर-इंजिनिअर जरूर व्हावे. पण पोराला वाचता कसे करावे हे जाणणारी माणसेही समाजाला हवीत.

तोवर घरी एवढे करा. पोराला रोज एक वाक्य बोलू द्या. थोरल्या भावाने किंवा बहिणीने ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहावे आणि बोट ठेवून दोघांनी मिळून वाचावे. आईला वाचता येत नसेल तर तिनेही शेजारी बसावे. कागद भिंतीला चिकटवून ठेवा. आपले बोलणे लिहिता येते, हे ज्या दिवशी पोराला उमगेल, त्या दिवसापासून ते वाचायला लागेल.