आज काय केलंस?

परवा मी लेकीशी खोटं बोलले. संध्याकाळी साडेसातला तिचा पुण्याहून फोन येतो, रोजच येतो. त्यातला पहिला प्रश्न ठरलेला, "आई, आज काय केलंस?" मी म्हटलं, "दुधीची भाजी, पोळी आणि थोडी कढी." खरं म्हणजे मी दुपारी उरलेली अर्धी पोळी चहात बुडवून खाल्ली होती आणि आता दूध पिऊन झोपायचा विचार होता. हे गेल्याला दोन वर्षं झाली. एकटीसाठी कुकर लावायचा म्हणजे जिवावर येतं. पण हे लेकीला कसं सांगायचं? तिकडे तिचा घास अडकायचा. म्हणून दुधीची भाजी.

फोन ठेवला आणि एकदम लालबागच्या चाळीतल्या आमच्या शेजारच्या वहिनी आठवल्या. चाळीस वर्षांपूर्वी त्या माझ्याशी अशाच खोटं बोलत असत. फरक एवढाच की त्यांचं खोटं मला पलीकडून ऐकू यायचं.

1979 साली लग्न होऊन मी त्या चाळीत आले. माहेर सांगलीकडचं. दहा बाय बाराची खोली, पुढे कॉमन गॅलरी आणि दोन बिऱ्हाडांच्या मध्ये लाकडी फळ्यांचं पार्टिशन. आम्ही दोघंही कचेरीत नोकरीला, पण मजल्यावरच्या बहुतेक घरांतले पुरुष गिरणीत. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. त्यामुळे चाळीत जेवणाची अशी एक वेळ नव्हतीच. कुठल्या ना कुठल्या खोलीत स्टो भरभरत असायचा. तरी बायकांची एक वेळ ठरलेली होती. दिवेलागण झाली, नळाचं पाणी भरून झालं, की जो तो उंबरा अडवून बसायचा आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रश्न फिरायचा, "काय केलंस गो?"

मला सुरुवातीला हे विचित्र वाटे. आमच्याकडे दुसऱ्याच्या चुलीवर काय आहे हे विचारणं आगाऊपणाचं समजत. इथे न विचारणं आगाऊपणाचं होतं. एखादीला दोन दिवस कुणी विचारलं नाही, तर ती मनाला लावून घेई. आणि उत्तरं काय, तर वरण-भात, पिठलं, मुगाची खिचडी, कालच्या बांगड्याचं तिखलं. शनिवारी कुणाचा उपास, कुणाकडे पाहुणे, कुणाच्या मुलाला ताप म्हणून नुसती पेज. दहा मिनिटांत मजल्यावरच्या सगळ्या घरांची हालहवाल कळत असे.

पाककृतींची पुस्तकं तेव्हाही होती. कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' 1970 सालीच आलं होतं. मलाही माहेरून ते मिळालं होतं आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे माझ्यासारख्या नवख्या मुलीला त्याचा मोठा आधार वाटे. पण पदार्थ कसा करायचा ते पुस्तक सांगतं. घरात पाव किलो वांगी आहेत, पगाराला चार दिवस आहेत आणि नवरा रातपाळीहून यायचाय, तर आज काय करायचं, ते शेजारीणच सांगते.

शेजारच्या वहिनी मालवणकडच्या. मी पहिल्यांदा त्यांच्या हातची कुळथाची पिठी खाल्ली तेव्हा चकितच झाले. कुळीथ म्हणजे आमच्याकडचे हुलगे. सांगलीकडे ते बैलांना भिजवून घालत, नाहीतर थंडीत त्याचे शेंगोळे करत. त्याच धान्याचं भाजून केलेलं पीठ, लसणीची फोडणी, हिरवी मिरची, दोन आमसुलं आणि वरून मूठभर ओलं खोबरं. गरम भातावर ती पिठी घेतली की दुसरं काही लागत नाही. मी त्यांना शेंगोळे शिकवले, त्यांनी मला पिठी. वाट्यांची देवघेव सुरू झाली. वाटी रिकामी परत करायची नाही हा चाळीचा अलिखित कायदा. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. आणि भांड्यांवर नावं घातलेली असल्यामुळे कुठली वाटी कुणाची याचा घोळ होत नसे.

18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले काही आठवडे चाळीत उत्साह होता. पुरुष सभांना जात, डॉ. दत्ता सामंतांची भाषणं रात्री गॅलरीत पुन्हा होत. महिनाभरात मिटेल, असंच सगळे धरून चालले होते. संध्याकाळचा प्रश्नही चालू होता. उत्तरं मात्र हळूहळू आखूड व्हायला लागली. मासळी गेली, मग भाजी गेली, मग डाळीचं पाणी वाढलं.

आणि आला गुढीपाडवा. संपाला दोन महिने होऊन गेले होते. आमचे पगार चालू होते, त्यामुळे मी आदल्या रात्री चक्का टांगून श्रीखंड केलं होतं. संध्याकाळी उंबऱ्यात बसून मी नेहमीसारखं विचारलं, "वहिनी, आज काय केलंत?" त्या म्हणाल्या, "खीर केली शेवयांची." मी लाडात येऊन म्हटलं, "मग पाठवा की वाटीभर! तुमच्या हातची खीर आणि मला नाही?"

त्या म्हणाल्या, "संपली गो." त्यांची दोन्ही मुलं दारात उभी होती. त्यांनी आईच्या तोंडाकडे पाहिलं. धाकट्याने काही बोलायला तोंड उघडलं आणि मोठीने त्याचा हात ओढला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून पार्टिशनपलीकडे स्टोचा पंप मारल्याचा आवाज एकदाच आला होता. तोही चहापुरता. आधीच्या कितीतरी संध्याकाळी तो आला नव्हता. मला ऐकू येत नव्हतं असं नाही. मी ऐकलं नव्हतं. त्या रात्री ते श्रीखंड माझ्या घशाखाली उतरलं नाही, हे सांगण्यात काही मोठेपणा नाही. दुसऱ्या दिवशी मी ते खाल्लंच.

त्यानंतर मजल्यावर तो प्रश्न बंद झाला. कुणी ठरवलं नाही. बायका दिवेलागणीला बसायच्या, मुलांच्या परीक्षांविषयी, नळाच्या पाण्याविषयी बोलायच्या, पण काय केलंस हे कुणी कुणाला विचारत नव्हतं. एवढ्या बायका एकत्र बसल्यात आणि जेवणाचा विषय नाही, हे किती भयाण असतं ते अनुभवल्याशिवाय कळायचं नाही.

वाट काढली ती गॅलरीच्या टोकाला राहणाऱ्या खानावळवाल्या मावशींनी. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. गावाकडे बायको-मुलं ठेवून आलेल्या कामगारांना त्या घरात रांधून जेवू घालत. वाण्याची उधारी, सावकाराचं व्याज आणि महिन्याच्या शेवटी हातात काही नाही, असा तो धंदा. गोवा मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना सरकारी बँकांची कर्जं मिळवून दिली, तेव्हा त्यांना पहिल्यांदा थोडी मान वर काढता आली. पण संप झाला, जेवणाऱ्यांचा पगार थांबला, की खानावळीचाही थांबणार. तरीही मावशींनी ताटं बंद केली नव्हती. "खाऊन गेलेल्याला आज उपाशी कसा उठवू?" म्हणायच्या.

एका संध्याकाळी त्या वहिनींच्या दारात येऊन म्हणाल्या, "माझा हात दुखतोय. चार भाकऱ्या थापायला येतेस का?" हात काही दुखत नव्हता. वहिनी रोज जाऊ लागल्या आणि येताना पदराखाली भाकऱ्या घेऊन येऊ लागल्या. ती मजुरी होती, त्यामुळे खाली बघायचं कारण नव्हतं. मावशींचं बघून मीही शहाणी झाले. वाटीत आमटी घेऊन जायची आणि म्हणायचं, "वहिनी, चव बघा हो, आज मीठ जास्त पडलंय का कळेना." आमटी बघायला वाटी भरून कशाला लागते, हे त्यांनाही कळत होतं. पहिल्या दिवशी वाटी परत आली ती धुतलेली, कोरडी, रिकामी. त्या वाटी देताना माझ्याकडे बघेनात. दुसऱ्या दिवशी वाटीत चार आमसुलं होती. गावाहून आलेल्या डब्याच्या तळाशी राहिलेली असणार. मी ती घेतली. नको म्हणाले असते, तर तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं नसतं.

पावसाच्या आधी त्या मुलांना घेऊन गावी गेल्या. गिरणगावातली कितीतरी घरं त्या वर्षी अशीच अर्धी झाली. पुरुष राहिले, बायका-मुलं गावाला. संप अधिकृतपणे मागे घेतला असं कधी झालंच नाही. पुढे त्यांचे यजमान एका इमारतीवर वॉचमन म्हणून लागले, पण वहिनी मुंबईत परतल्या नाहीत. जायच्या घाईत माझी एक वाटी त्यांच्याकडे गेली आणि त्यांची एक माझ्याकडे राहिली. तिच्यावर त्यांच्या सासऱ्यांचं नाव आहे. दिवाळीच्या सुमाराला त्यांचं कार्ड आलं. मोठ्या मुलीच्या अक्षरात सगळी खुशाली आणि शेवटी, "आज इथे पिठी-भात. मासळी पण आलेली. तू काय केलंस?"

1986 मध्ये आम्ही डोंबिवलीला आलो. बंद दारांचा ब्लॉक. इथे तो प्रश्न मला घरी नाही, गाडीत भेटला. संध्याकाळच्या लोकलमध्ये बायकांच्या डब्यात मांडीवर मेथीची जुडी आणि तोंडाने "आज काय?" थालीपिठाच्या भाजणीत धने किती, यावर ठाण्यापासून दिव्यापर्यंत वाद चाललेला मी ऐकला आहे. मटार सोलून व्हायचे, शेंगा मोडून व्हायच्या आणि रात्रीचा बेतही ठरून जायचा. घरात मात्र फ्रिज आला आणि वाट्या थांबल्या. उरलेली आमटी शेजारी जायची ती फ्रिजमध्ये जायला लागली. फ्रिजला मी नावं ठेवत नाही, त्याने माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं सुसह्य केली. पण जे झालं ते झालं.

तर परवाचं सांगत होते. दुधीची भाजी सांगून मी झोपले. दुसऱ्या दिवशी साडेसातला पुन्हा फोन. "आई, आज काय केलंस?" मी पालकाचं नाव घेणार, तेवढ्यात ती म्हणाली, "कालही शिट्टी ऐकू आली नाही गं. परवाही नाही. पूर्वी आपण बोलताना मागे कुकर वाजायचा."

मी गप्प बसले. मग म्हटलं, "दूध प्यायले."

आता ती गप्प. जरा वेळाने म्हणाली, "मी नूडल्स केल्यात. पाकिटातल्या. काल पण. तुला पोळी-भाजी म्हणून सांगितलं होतं ना, ते खोटं."

दोघी हसलो. मग मी तिला म्हटलं, दहा मिनिटांत होतं असं काहीतरी सांगते, लिहून घे. कुळथाचं पीठ आण, डाळीचं नको, त्याला ती चव येत नाही. दोन चमचे पीठ वाटीभर पाण्यात, लसूण ठेचून, आमसुलं मी पाठवते. आणि मी इथे लावते भात, तू तिथे लाव. साडेसातला.

काल बरोबर साडेसातला फोन आला. माझा कुकर दुसऱ्या शिट्टीवर होता. तिकडून आवाज आला, "आई, गुठळ्या झाल्या!"

म्हटलं, आधी गार पाण्यात कालव म्हणून सांगितलं होतं ना!