आभासी यंत्रांतील साठवण उपकरणांची हस्तांतरण मर्यादा

संगणकाच्या साठवण उपकरणाला एका आदेशासरशी जास्तीत जास्त जेवढी विदा देता येते किंवा त्याच्याकडून घेता येते, त्या प्रमाणाला त्या उपकरणाची हस्तांतरण मर्यादा म्हणतात. ही मर्यादा उपकरणाच्या एकूण क्षमतेहून आणि त्याच्या वेगाहून वेगळी असते. कित्येक टेराबाइट क्षमतेची डिस्कही एका आदेशात काही शे किलोबाइटच स्वीकारू शकते. साध्या संगणकावर संचालन प्रणाली ही मर्यादा उपकरणाकडून व त्याच्या ड्रायव्हरकडून जाणून घेते आणि मोठ्या विनंतीचे आपणच तुकडे करते. आभासी यंत्रात मात्र संचालन प्रणाली आणि खरे उपकरण यांच्यामध्ये आणखी एक आज्ञावली उभी असते. तिने खरी मर्यादा आतपर्यंत पोहोचवली नाही, तर निर्दोष डिस्कही बिघडल्यासारखी वागू लागते.

पार्श्वभूमी

ज्या संगणकावर आभासी यंत्र चालते त्याला यजमान म्हणतात, तर आभासी यंत्रात चालणाऱ्या संचालन प्रणालीला अतिथी म्हणतात. फॅब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली क्यूएमू ही आज्ञावली अतिथीला डिस्क, नियंत्रक, नेटवर्क कार्ड इत्यादी उपकरणांचा आभास निर्माण करून देते. फेब्रुवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नलच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम हा घटक समाविष्ट झाला. क्यूएमू आणि केव्हीएम ही जोडी तेव्हापासून मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. प्रस्तुत लेखातील बहुतेक उदाहरणे याच जोडीची आहेत.

मर्यादेची कारणे

हस्तांतरण मर्यादा एकाच ठिकाणी ठरत नाही. पहिली मर्यादा आदेशाच्या रचनेतूनच येते. स्कझी प्रमाणातील दहा बाइटांच्या वाचन आदेशात ठोकळ्यांची संख्या लिहिण्यासाठी १६ बिटांची जागा असते. त्यामुळे एका आदेशात ६५,५३५ पेक्षा अधिक ठोकळे मागता येत नाहीत. ठोकळा ५१२ बाइटांचा असल्यास हे प्रमाण ३२ मेगाबाइटांहून किंचित कमी भरते.

दुसरी मर्यादा उपकरणाची किंवा त्याच्या नियंत्रकाची असते. एनव्हीएमई उपकरणे आपली कमाल मर्यादा स्वतः कळवतात. लिनक्समध्ये साध्या यूएसबी साठवण उपकरणांसाठी मूळ मर्यादा २४० सेक्टर, म्हणजे १२० किलोबाइट, एवढी लहान ठेवलेली असते.

तिसरी मर्यादा स्मृतीच्या तुकड्यांची असते. अतिथीला सलग वाटणारी स्मृती यजमानाच्या प्रत्यक्ष स्मृतीत विखुरलेली असू शकते. नियंत्रक एका आदेशात ६४ तुकडे हाताळू शकत असेल आणि स्मृतीचे प्रत्येक पान ४ किलोबाइटांचे असेल, तर पाने पूर्णपणे विखुरलेली असताना २५६ किलोबाइटच एका वेळी पाठवता येतात. या सर्वांत जी मर्यादा सर्वांत लहान, तीच अखेर लागू पडते.

विनंतीचे विभाजन

अतिथीची डिस्क ही यजमानावरील एक साधी फाइल असते, तेव्हा सहसा अडचण येत नाही. अतिथीची विनंती येथे केवळ "अमुक ठिकाणापासून इतकी विदा वाचा" एवढ्याच अर्थाची असते. मर्यादेपेक्षा मोठी विनंती आल्यास ती विभागून पाठवता येते. १ मेगाबाइटाची विनंती १२० किलोबाइट मर्यादेच्या उपकरणाकडे जाताना तिचे नऊ भाग होतात. सर्व भाग पूर्ण झाल्यावरच अतिथीला एकत्रित उत्तर मिळते. व्हीएमवेअर कंपनीच्या ईएसएक्सआय प्रणालीतही अशाच विभाजनासाठी एक मर्यादा ठरवता येते. तिचे मूळ मूल्य ३२,७६७ किलोबाइट असते.

थेट जोडणीतील अडचण

काही वेळा यजमानाचे स्कझी उपकरण अतिथीला थेट जोडले जाते. अशा जोडणीत अतिथीने लिहिलेला आदेश जसाच्या तसा उपकरणाकडे जातो. मधल्या आज्ञावलीला त्याचे तुकडे करण्याची मुभा नसते, कारण आदेश कोणत्या प्रकारचा आहे आणि तो विभागल्यास त्याचा अर्थ टिकेल की नाही, हे तिला प्रत्येक वेळी ठरवता येत नाही.

सोलापूरच्या यंत्रमाग व्यवसायातील उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो. चादरींची गासडी टेम्पोत मावली नाही, तर ती सोडून चादरी दोन खेपांत पाठवता येतात. पोहोचल्यावर चादरींची संख्या तेवढीच भरते. ताण्याचे सूत गुंडाळलेला बीम मात्र मधोमध कापून दोन खेपांत पाठवता येत नाही, कारण कापलेला बीम मागावर चढवण्याच्या उपयोगाचा राहत नाही. त्यासाठी पुरेसे मोठे वाहन आणावे लागते किंवा वाहनाचे माप आधीच कळवून बीमच त्या बेताने भरवून घ्यावा लागतो.

चुंबकीय फितीवर हा फरक विशेष जाणवतो. फितीवर बदलत्या लांबीच्या नोंदी लिहिताना प्रत्येक लेखन आदेशातून एक स्वतंत्र नोंद तयार होते. एका आदेशाचे दोन आदेश केले, तर फितीवर एकाऐवजी दोन नोंदी उमटतात. पुढे त्या फितीवरून विदा परत मिळवताना अपेक्षित मापाची नोंद सापडत नाही. राखीव प्रत हाती आहे असे समजून निश्चिंत राहिलेल्या संस्थेला हा दोष नेमक्या गरजेच्या वेळी लक्षात येऊ शकतो.

मर्यादा कळवण्याची पद्धत

विभाजन शक्य नसेल, तर अतिथीने मुळातच मोठी विनंती करू नये, हाच मार्ग उरतो. त्यासाठी अतिथीला खरी मर्यादा कळावी लागते. स्कझी प्रमाणात उपकरणाची माहिती देणारी काही पाने असतात. त्यांपैकी ब्लॉक लिमिट्स या पानावर कमाल हस्तांतरण लांबी नोंदलेली असते. तेथे शून्य असल्यास उपकरण कोणतीही मर्यादा कळवत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

अतिथी हे पान मागतो तेव्हा क्यूएमू उपकरणाचे उत्तर मधेच तपासते. यजमानाची मर्यादा उपकरणाने सांगितलेल्या मर्यादेपेक्षा लहान असल्यास, किंवा उपकरणाने मर्यादा कळवलीच नसल्यास, त्या जागी यजमानाची मर्यादा लिहिली जाते. हे पान मुळीच नसलेल्या उपकरणांसाठी क्यूएमू स्वतः ते तयार करून देऊ शकते.

या बदलात एककांकडे लक्ष द्यावे लागते. लिनक्स कर्नल सेक्टर मोजताना ५१२ बाइटांचे एकक वापरते, तर स्कझीच्या पानावरील लांबी उपकरणाच्या स्वतःच्या ठोकळ्यांत असते. ठोकळा ४,०९६ बाइटांचा असताना २,०४८ ही संख्या रूपांतर न करता लिहिली, तर १ मेगाबाइटाची मर्यादा ८ मेगाबाइट असल्याचे अतिथीला सांगितले जाते.

दोषाची लक्षणे

मर्यादा ओलांडणारा आदेश यजमानाचे कर्नल उपकरणापर्यंत पोहोचण्यापूर्वीच नाकारते. अतिथीला मात्र केवळ वाचन किंवा लेखन फसल्याचे दिसते. त्यामुळे डिस्क खराब झाली असा समज होऊन चांगली डिस्क बदलली जाण्याचा संभव असतो. लहान विनंत्या नेहमी यशस्वी होतात आणि एका ठरावीक मापापुढच्या विनंत्या नेहमी फसतात, ही हस्तांतरण मर्यादेच्या दोषाची ठळक खूण आहे. डिस्कच्या पृष्ठभागातील दोष साधारणपणे ठरावीक जागी आढळतो. मर्यादेचा दोष विनंतीच्या मापावर अवलंबून असतो आणि डिस्कवरील कोणत्याही जागी तसाच दिसतो.

उपाय

लिनक्समध्ये प्रत्येक डिस्कच्या क्यू या निर्देशिकेत दोन नोंदी असतात. मॅक्स एचडब्ल्यू सेक्टर्स केबी ही नोंद यंत्रणेची कमाल मर्यादा दाखवते, तर मॅक्स सेक्टर्स केबी ही सध्या वापरात असलेली मर्यादा दाखवते. दुसरी नोंद व्यवस्थापकाला बदलता येते, पण पहिलीपेक्षा मोठी करता येत नाही. यजमान आणि अतिथी या दोन्हींवरील नोंदी पडताळून अतिथीचे मूल्य यजमानापेक्षा मोठे आढळल्यास ते कमी करावे लागते. व्हर्टआयओ-स्कझी नियंत्रकाला मॅक्स सेक्टर्स हा गुणधर्म देऊन हीच मर्यादा आभासी यंत्र सुरू करतानाच घालता येते. लिबव्हर्टच्या संरचना फाइलमध्येही त्याची सोय आहे.

चालू आभासी यंत्र एका यजमानावरून दुसऱ्यावर हलवताना अधिक दक्षता लागते. अतिथीने मर्यादा सामान्यतः उपकरण ओळखतानाच विचारलेली असते. नव्या यजमानाची मर्यादा लहान असली, तरी अतिथी जुन्याच मापाने आदेश पाठवत राहतो. म्हणून ज्या यजमानांमध्ये आभासी यंत्रे हलवली जाणार आहेत, त्या सर्वांतील सर्वांत लहान मर्यादा प्रथमपासून लागू करणे सुरक्षित ठरते. विनंत्या लहान झाल्याने आदेशांची संख्या वाढते आणि वेग काहीसा घटू शकतो.