चिमटीतला अभ्यास

हुपरीत आमच्या गल्लीत सकाळची झाडलोट आटोपली की दारोदारी बाया कड्या घेऊन बसतात. चांदीच्या तारेची एकेक बारीक कडी चिमट्यानं उचलायची, दुसरीत अडकवायची, तोंड दाबायचं. अशी साखळी वाढत जाते, मग डाख लागतो, घुंगरं बसतात, झिलई होते आणि पैंजण बाजारात जातात. मीही दहा वर्षं हेच काम केलं. गेल्या जूनपासून बालशिक्षणाची पदविका करतेय. आठवड्यातून दोन दिवस वर्ग आणि बाकीचे दिवस एका बालवाडीत सराव.

पहिल्याच महिन्यात निरीक्षणवही हातात आली. एका मुलाकडं वीस मिनिटं बघायचं, मध्ये पडायचं नाही, दिसेल तेवढंच लिहायचं. साडेतीन वर्षांचा एक मुलगा चिंचोक्यांची बरणी घेऊन बसला होता. मी लिहिलं, 'हट्टी आहे, कुणाचं ऐकत नाही.' आम्हांला शिकवणाऱ्या बाईंनी त्या ओळीखाली रेघ मारली. म्हणाल्या, "हट्ट कुठं दिसला तुम्हांला? हातांनी काय केलं ते लिहा."

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्यासमोर बसले. या खेपेची नोंद अशी: 'झाकण तळव्यानं ओढलं, निघालं नाही. बरणी दोन्ही पायांत धरली, परत ओढलं. शेजारच्या मुलीनं हात पुढं केला, तो बाजूला सारला. बोटं झाकणाच्या कडेवर आली. झाकण फिरलं. आत बघितलं. झाकण परत लावलं.' असं त्यानं सहा वेळा केलं. चिंचोके त्याला नकोच होते. त्याला मनगट फिरवायचं होतं, आणि मी त्याला हट्ट म्हणत होते. त्या दिवशी घरी येताना मला माझ्या थोरल्या मुलाच्या लहानपणचे कितीतरी 'हट्ट' आठवले आणि जीव कासावीस झाला.

मुलाच्या हातात बळ आधी खांद्याला येतं, मग कोपराला, मनगटाला आणि सगळ्यांत शेवटी बोटांना. मनगटाची हाडं तर या वयात पुरती तयारही झालेली नसतात. म्हणून पेन्सिलीच्या आधी माती मळणं, पाणी ओतणं, कागद फाडणं, मणी ओवणं. पालकांना हे पटवणं मात्र जड जातं. "पोरगं नुसतं खेळतंय की बाई, लिहिणार कवा?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतो. त्यात पोराविषयीची काळजीच असते, म्हणून मी तो कधी झटकत नाही.

आमच्या अभ्यासात ताराबाई मोडकांवरचं प्रकरण मी सगळ्यांत जास्त वेळा वाचलं. गिजुभाई बधेकांसोबत 1926 साली त्यांनी नूतन बालशिक्षण संघाचं काम उभारलं आणि 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरीची साधनं खेड्याला परवडणारी नव्हती, तर या बायांनी शिंपले, बिया, पानं, खडे हाताशी घेतले. मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात नेली. 2 ऑक्टोबर 1975 ला देशात एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणतो. हा शब्द ऐकला की मला बोर्डी आठवते. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 ला सृजन आनंद विद्यालय काढलं, म्हणजे मुलाला जाणून शिकवण्याची ही वाट आमच्या जिल्ह्यालाही नवी नाही. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा ठरवला, ते वाचून बरं वाटलं. पण त्या वयाच्या मुलांसमोर कोण बसतं आणि कसं बघतं, यावरच सगळं अवलंबून आहे असं मला मनापासून वाटतं.

परवा त्या बरणीवाल्या मुलाची आई त्याला न्यायला लवकर आली. तीही कड्या जोडते. तिला म्हटलं, दहा मिनिटं बसा, काही बोलू नका. तो बुटाच्या नाडीत मोठे लाकडी मणी ओवत होता. नाडीचं टोक दुमडायचं, मणी निसटायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं टोक अगदी जवळ धरलं. आई पुढं वाकली. तिच्या मांडीवरची बोटं आपोआप जुळली, अंगठा आणि त्याच्याजवळची दोन.

"बरोबर धरतोय की," ती हळूच म्हणाली, "मला हे जमायला महिना लागलेला."

मी वेळ बघून वहीत लिहिलं: 'अकरा वाजून वीस मिनिटं. चौथा मणी.'